रविवारी रात्री मेस बंद, खिशात दीडशे रुपये, मॉलमधल्या बर्गरच्या स्वस्त मेनूवर पोट भरेल असं जेवण जमतं का? (नाशिक)

खान्देशी_पाहुणा

राम राम मंडळी. मी धुळ्याचा, अंबडला एका कंपनीत ट्रेनी आहे, रूम पाथर्डी फाट्याला, तिघं मिळून राहतो. मेस लावलेली आहे पण रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी, हे नाशकात रूम करून राहिलेल्या सगळ्यांना माहीतच असेल, दुपारी फीस्ट देतात न रात्री कुलूप. मग रविवारी रात्री रूममेट म्हणतात चल सिटी सेंटर मॉलला, बर्गर खाऊ, फिरू, एसीत बसू. जायला माझी ना नाही, आठवडाभर मशीनपाशी उभं राहून तेवढीच मजा. पण त्यांचं वेगळं आहे, एकाला घरून पैसे येतात न दुसरा परमनंट आहे. माझं स्टायपेंडवर चालतं, रविवारच्या रात्रीला दीडशेच्या वर जायचं नाही असं मी ठरवलंय.

अडचण अशी की तिथे गेलं की कॉम्बो घेतला जातो, अडीचशे-पावणेतीनशे जातात, न साडेदहा-अकराला रूमवर आलो की परत भूक लागते न मॅगी होते. म्हणजे पैसे पण गेले न पोट पण नाही भरलं. सगळे बसलेत न मी नुसता पाणी पितोय असं पण नको, कंजूस दिसायचं नाहीये भो.

तर सांगा, त्या छोट्या स्वस्त आयटममधनं काय काय घेतलं तर ते जेवण होईल? अंडं चालतं, चिकन महिन्यातनं कधीतरी. रूमवर गॅस नाही, मालक इंडक्शन लावू देत नाही, फक्त इलेक्ट्रिक केटल आहे. "घरी स्वयंपाक कर" सोडून काहीही सांगा.

सातपूर_सेकंडशिफ्ट

साधे दोन घे. कॉम्बो नको, कोल्ड्रिंक नको. विषय संपला.

मिसळ_आधी

नाशकात राहून दीडशे रुपयांत बर्गर?? भाऊ त्या पैशात मिसळ येते, वर दही, पापड, एक्स्ट्रा पाव, न रस्सा तर तुम्ही नको म्हणेपर्यंत वाढतात. मटकी आहे म्हणजे प्रोटीन आलं, कांदा-लिंबू म्हणजे सॅलड आलं. अजून काय पाहिजे. लोक मुंबई-पुण्याहून गाड्या घेऊन आपल्याकडे मिसळ खायला येतात न आपली पोरं मॉलमध्ये मैदा खातात.

खान्देशी_पाहुणा

@मिसळ_आधी दादा मान्य आहे हो सगळं, पण रात्री नऊला मिसळ कुठे? मला तरी जिथे जिथे चांगली मिळाली ती सकाळी नाहीतर दुपारपर्यंतच. रात्री एकदा एका ठिकाणी मागितली तर पातेल्याच्या तळाचं काहीतरी दिलं, तर्री नुसती तिखट न मटकी शोधावी लागत होती. न दुपारी फीस्टचे पैसे मेसमध्ये आधीच भरलेले असतात, ती सोडून मिसळ खाल्ली तर माझी आई धुळ्याहून येऊन मारेल.

मिसळ_आधी

रात्रीचा मुद्दा बरोबर आहे. मिसळ ही सकाळचीच. मागे घेतो.

काउंटरच्या_आतून

कॉलेजला असताना मी एका बर्गरवाल्या चेनमध्ये काउंटरला काम केलंय, नाव नाही सांगत, त्यामुळे यातलं थोडं आतलं सांगू शकतो. सातपूरवाल्या दादांनी एका ओळीत सांगितलंय तेच मी जरा लांबवतो.

पहिलं म्हणजे तो स्वस्त बर्गर तुम्हाला दारातून आत आणायला असतो. आत आलात की धंदा होतो तो फ्राइज न कोल्ड्रिंकवर. ग्लासात आधी बर्फ भरायचा, मग मशीनमधनं सिरप न सोडा, त्याची जी किंमत तुम्ही देता त्यातला किती भाग खरंच पेयाचा असतो ते तुम्हीच समजा. म्हणून "सर कॉम्बो करू का" हे विचारायला आम्हाला शिकवलेलं असायचं, प्रत्येकाला विचारायचंच, न विचारलं तर मॅनेजर मागे उभा. आता तर बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवर स्वतः ऑर्डर टाकायची असते, तिथे माणूस नाही पण स्क्रीन पण तेच विचारते, आधी मील करायचं का, मग मोठं करायचं का, मग वर गोड काही पाहिजे का, न "नको" चं बटण बारीक राखाडी रंगात खाली कोपऱ्यात. तीन वेळा नको म्हणायची तयारी ठेवूनच उभं राहायचं. मित्र मागे उभे असले न की माणूस दुसऱ्या "नको" लाच ढेपाळतो, हे मी काउंटरच्या आतून रोज बघितलंय, पोरी बरोबर असलेली पोरं तर पहिल्यालाच.

दुसरं, मोठा प्रीमियम बर्गर एक घेण्यापेक्षा सगळ्यात खालचे दोन. मोठ्यात काय वाढतं, तर एक चीजची स्लाइस, थोडा वेगळा सॉस, बन जरा मोठा न डबा पुठ्ठ्याचा. दोन छोट्यांत दोन बन न दोन टिक्क्या येतात. मॅकडोनाल्ड्सच्या मॅकआलू टिक्की बर्गरचे कंपनीने दिलेले आकडे मी पाहिलेत, एकात साधारण ३४० कॅलरी न साडेआठ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, वजन दीडशे ग्रॅमच्या जरा आत. दोन खाल्ले तर ६८० कॅलरी न १७ ग्रॅम प्रोटीन. हे जेवण आहे. फ्राइज न कोल्ड्रिंकमध्ये कॅलरी आहेत पण प्रोटीन फार कमी, म्हणून अकराला भूक लागते तुला.

तिसरं, बऱ्याच ठिकाणी बर्गर ऑर्डर आल्यावरच जुळवतात, त्यामुळे बदल सांगता येतो. कांदा जास्त टाका, टोमॅटो जास्त टाका, असं आधी सांगायचं, पैसे देताना, बर्गर हातात आल्यावर नाही. कांद्याला सहसा कोणी पैसे लावत नाही, चीज स्लाइसला लावतात. आपण लासलगावच्या जिल्ह्यातले लोक, कांद्याच्या दोन कागदासारख्या चकत्यांवर भागवायचं म्हणजे अपमानच आहे.

न पाणी. साधं पाणी मागा, फिल्टरचं असतंच. बाटली घेऊ नका, हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीवर एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे २०१७ चा, त्यामुळे तिथे वाद घालून उपयोग नसतो.

अजून एक, मेनूवर दिसतो तो आकडा न बिलाचा आकडा यात ५ टक्के जीएसटी असतो बऱ्याच ठिकाणी. सत्तरचे दोन म्हणजे १४० नाही, १४७. दीडशे घेऊन गेलास तर तीन रुपये उरतात. बस.

सिडको_आठवा_स्कीम

१८ टक्के होता पूर्वी एसी हॉटेलात, नोव्हेंबर २०१७ ला ५ केला. तेव्हा लोक म्हणाले आता स्वस्त होणार. कोणाला आठवतंय का काही स्वस्त झालेलं, मला तरी नाही.

जुना_कॉलेजरोड

आमच्या वेळी, २००४ मध्ये, मॅकडोनाल्ड्सने वीस रुपयांपासूनचा मेनू काढला होता, हॅपी प्राइस म्हणायचे. तेव्हा सगळे मुंबईला गेले की तिथेच खाऊन यायचे न नाशकात येऊन चार दिवस सांगायचे. वीस रुपयांत तेव्हा पण पोट भरायचं नाही, खोटं कशाला बोला. बाहेर पडलं की गाडीवर वडापाव व्हायचाच. पण आम्हाला ते लाजिरवाणं वाटायचं नाही, बर्गर ही चैन न वडापाव हे जेवण असं सरळ होतं. आता पोरांना एकाच दुकानात दोन्ही पाहिजे न म्हणून गोची होते.

नेहाची_आई_गंगापूररोड

अरे धुळ्याच्या मुला, तुझा प्रश्न वाचला न मला माझ्या पुतण्याची आठवण झाली, तो पण अंबडलाच होता. मी सांगते ते जरा नीट वाच, काउंटरवाल्या दादांचं बरोबर आहे पण त्यांनी दुसरा बर्गर घ्यायला सांगितलाय तिथे मी अडते.

दुसऱ्या बर्गरचे सत्तर-पंच्याहत्तर रुपये जातात, त्यात काय आलं, परत मैदा, परत बटाटा, परत तेच सॉस. त्याऐवजी दोन अंडी. बाजारात एक अंडं सात-आठ रुपयाला आहे, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दोन अंड्यांचे बारा न एका बर्गरचे साडेआठ, वीसच्या वर गेलं की. म्हणजे दोन बर्गरपेक्षा जास्त, न खर्च नव्वदच्या आत. आयसीएमआरने २०२० मध्ये जे कोष्टक दिलंय त्यात ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, त्याचा तिसरा हिस्सा १८. तुझा रात्रीचा कोटा पूर्ण होतोय यातच.

उरलेल्या साठ रुपयांत काकडी, एखादं केळं, न दह्याची छोटी डबी. पेरूच्या दिवसांत पेरू घे, त्याच्यासारखं पोट धरून ठेवणारं फळ नाही, न नाशकात पेरूला तोटा नाही. केळ्यापेक्षा पेरूत चोथा जास्त असतो. तुझ्या त्या बर्गरमध्ये चोथा कमीच, मैद्याचा पाव न सोललेला बटाटा, मग पोट कशावर थांबणार.

अंडी केटलमध्ये उकडता येतात, पण केटल पाणी उकळलं की आपोआप बंद पडते, तेव्हा घाई करू नकोस. एकदा उकळून बंद पडली की झाकण न उघडता ठेव, चारेक मिनिटांनी परत बटण दाब, परत बंद पडली की दहा मिनिटं तशीच गरम पाण्यात राहू दे. पिवळा भाग घट्ट होतो. मग गार पाण्यात टाकून सोल. ही दोन अंडी मॉलला जायच्या आधी रूमवरच खायची, मीठ-मिरपूड लावून, वर काकडी. म्हणजे तू अर्धा जेवूनच निघालास. मग तिथे एक बर्गर घेऊन मित्रांबरोबर आरामात बस, हळूहळू खा, कोणालाही कळत नाही तू काय वाचवलंस ते. कंजूस दिसायचा प्रश्न पण सुटला.

अंडं नको असेल त्या दिवशी फुटाणे. भाजलेल्या हरभऱ्यात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मूठ-दीड मूठ फुटाणे खाल्ले तर एका बर्गरइतकं प्रोटीन आलं. रविवार कारंजाकडे कधी गेलास तर पावशेर घेऊन ठेव, महिनाभर पुरतात. बरोबर गूळ. आमच्या लहानपणी हेच होतं संध्याकाळचं, त्याला हाय प्रोटीन स्नॅक म्हणतात हे आत्ता कळलं.

काउंटरच्या_आतून

काकू नमस्कार, तुमचं गणित माझ्यापेक्षा भारी आहे. दुसरा बर्गर कॅन्सल.

फक्त एक, कॅलरी पण बघायला पाहिजे, पोरगा उभ्या शिफ्टचा आहे. बर्गर ३४०, दोन अंडी दीडशेच्या आसपास, केळं शंभर, दही धरलं तर साडेसहाशेच्या घरात जातं. म्हणजे चाललं.

बाय_नाईट_नाशिकरोड

बाहेरची अंडी फूड कोर्टमध्ये बसून खाल्ली तर?

काउंटरच्या_आतून

@बाय_नाईट_नाशिकरोड नको. बाहेरचं खाणं चालत नाही बहुतेक ठिकाणी, न एसीत उकडलेल्या अंड्याचा डबा उघडलास तर शेजारची दोन टेबलं रिकामी होतील ते वेगळंच.

पोषण_शिकतेय

मी न्यूट्रिशन शिकतेय म्हणून एक भर घालते. पोट किती वेळ भरलेलं राहतं यावर १९९५ मध्ये सिडनी युनिव्हर्सिटीत एक अभ्यास झाला होता, सॅटायटी इंडेक्स म्हणतात त्याला. ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा सारख्याच कॅलरीचा भाग, साधारण २४० कॅलरीचा, लोकांना खायला दिला न पुढचे दोन तास भूक किती लागते ते विचारत राहिले. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं. सगळ्यात वर कोण आलं माहितेय? उकडलेला बटाटा, ३२३. अंडी १५०. न फ्रेंच फ्राइज फक्त ११६, म्हणजे ब्रेडपेक्षा थोडंसंच वर. बटाटा तोच, पण तळला की थोड्याशा भागातच तेवढ्या कॅलरी होतात न पोटात जागा कमी व्यापली जाते.

त्यामुळे केटल आहेच तर बटाटे पण उकडू शकतोस, बारीक कापून टाक, नाहीतर फार वेळ लागेल. पण केटलमधून नंतर चहा करणार असशील तर नीट घासून. बटाटा-अंडं-मीठ-तिखट हे एकत्र कालवलं तर मला तरी बर्गरपेक्षा बरं लागतं, पण ते तुला मॉलमध्ये मिळणार नाही हे पण खरं.

सातपूर_सेकंडशिफ्ट

एवढा अभ्यास रविवारी रात्रीच्या भुकेसाठी. मजा आली वाचून.

पार्सल_पाठवा

मॉलला जायचंच कशाला, ॲपवरून मागव ना, ऑफर असतात, पन्नास टक्के ऑफ वगैरे.

हिशोब_पक्का_हवा

@पार्सल_पाठवा भाऊ ॲपवरचा पन्नास टक्के ऑफ हा कशावर असतो ते बघ आधी. तोच बर्गर काउंटरवर ज्या भावात असतो त्यापेक्षा ॲपवर बहुतेक वेळा महाग लावलेला असतो, त्यावर ऑफ, न ऑफला वरची मर्यादा, न अमुक रुपयांच्या वरची ऑर्डर असेल तरच. मग पॅकिंग, मग डिलिव्हरी, मग प्लॅटफॉर्म फी. ती फी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा दोन रुपये होती, कोणी लक्ष पण दिलं नाही, तेव्हापासून ती वरच चाललीय. एकट्या माणसाने एक बर्गर मागवला तर बर्गरपेक्षा बाकीचंच जास्त होतं कधीकधी. तिघांनी एकत्र मागवलं न फी तिघांत वाटली तर मग ठीक, तिथे गणित बसतं.

पण त्या चेनचं स्वतःचं ॲप असतं ना, दुकानात जाऊन दाखवायच्या कूपनवालं, ते टाकून ठेव. त्यात कधी एकावर एक वगैरे असतं. रूममेटला बरोबर घेऊन अर्धे अर्धे करा. मात्र कूपन आहे म्हणून काही घ्यायचं नाही, जे घ्यायचं होतं त्यावर कूपन आहे का एवढंच बघायचं. हा फरक समजायला माझी पहिल्या नोकरीची दोन वर्षं गेली असं बायको म्हणते, मी म्हणतो एकच.

तवा_गरम_आहे

पार्सलचा विषय निघालाच आहे तर ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांच्यासाठी. पार्सल बर्गर घरी येईपर्यंत वाफेने ओला होतो, बन चामड्यासारखा न टिक्की मऊ. तो तसाच मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, अजून वाट लागते. उघडा. टिक्की बाजूला काढा, सॉस लागलेला कांदा-टोमॅटो चमच्याने वाटीत घ्या. तवा मंद आचेवर, तेल नाही टाकायचं, टिक्कीत आधीच भरपूर आहे, ती तव्यावर ठेवली की दोन मिनिटांत कडेने बारीक चर्र आवाज येतो न तेल सुटायला लागतं, मग उलटायची. त्याच तेलात बनची आतली बाजू टेकवायची, नुसती, दाबायची नाही, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके आले की काढायचा. मग एक अंडं तिथेच फोडायचं, पसरू द्यायचं नाही, चमच्याने कडा आत घेत बनच्या आकाराचं करायचं, वर चिमूटभर मीठ न हिरव्या मिरचीचा ठेचा. खाली बन, मग टिक्की, मग अंडं, मग वाटीतला सॉसवाला कांदा, वर ताजा कांदा चिरून न कोथिंबीर. हे खाल्ल्यावर दुसरा बर्गर लागत नाही, मी जेवणातच धरतो हे. ठेचा जास्त घातलात तर त्यातला गोडसर सॉस बरोबर तोलला जातो, मला त्या सॉसचा गोडपणा एरवी सहन होत नाही.

नेहाची_आई_गंगापूररोड

@तवा_गरम_आहे हे करून बघणार. नेहा नेहमी अर्धा बर्गर उरवून आणते.

पंचवटी_उलटा

कोणीच उलटा वडापावचं नाव घेतलं नाही म्हणून बोलतो. पाव आडवा कापून त्यात बटाट्याची भाजी भरतात न अख्खा पाव बेसनात बुडवून तळतात, एक खाल्ला की दुसरा घ्यायची हिंमत लागते. आपल्या नाशिकचाच आहे तो. मॉलच्या एका बर्गरच्या भावात दोन-तीन होतील न पोट रात्रभर गप्प. प्रोटीन विचारू नका, बेसन लागलेलं असतं तेवढंच.

पोषण_शिकतेय

@पंचवटी_उलटा रात्रभर गप्प असं नाही, रात्रभर जळजळ असं म्हणा. पण बेसनाचं बरोबर आहे, मैद्यापेक्षा बेसन कधीही बरं.

मिसळ_आधी

उलटा वडापाव रात्री मिळतो का?

पंचवटी_उलटा

संध्याकाळी मिळतो. नऊनंतरचं गाडीवाल्याच्या मूडवर.

खान्देशी_पाहुणा

अरे बापरे, मी शिफ्टवरून आलो न बघतो तर एवढे रिप्लाय. सगळ्यांना धन्यवाद, काकू तुम्हाला जास्त. काकूंचाच प्लॅन धरतोय, रूमवर अंडी न काकडी, तिथे एक बर्गर एक्स्ट्रा कांदा, साधं पाणी, येताना त्रिमूर्ती चौकात गाडीवर केळी. सगळं मिळून एकशे वीसच्या आत बसतंय असं दिसतंय, तीस उरले तर पुढच्या रविवारी चिकनवाल्याकडे वळवतो. परमनंटवाल्या रूममेटला हे वाचून दाखवलं तर तो म्हणे माझी पण दोन अंडी टाक, म्हणजे कंजूस दिसायचा विषयच मिटला, आता तो दिसणार.

एकच शंका राहिली. मागे एकदा केटलमध्ये अंडं टाकलं होतं तर ते फुटलं न सगळं पांढरं बाहेर आलं, केटलचा वास दोन दिवस गेला नाही. ते कशाने होतं?

नेहाची_आई_गंगापूररोड

उकळत्या पाण्यात टाकलं असशील. गार पाण्यातच अंडी ठेवायची न मग केटल सुरू करायची, पाण्याबरोबर ती पण हळूहळू तापतात. फ्रीजमधली असतील तर आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेव. न केटलमध्ये वरून सोडू नकोस, तळाला आपटून बारीक तडा जातो, केटल आडवी करून घरंगळत आत जाऊ दे, मग पाणी ओत. अंडी बुडतील एवढंच पाणी, गळ्यापर्यंत भरू नकोस, उतू जातं. वासाला अर्धं लिंबू पिळून पाणी उकळ न ते फेकून दे.

खान्देशी_पाहुणा

आडवी करून घरंगळत, हे डोक्यातच नाही आलं. रविवारी करतो.

बाय_नाईट_नाशिकरोड

न अंड्याची टरफलं बेसिनमध्ये टाकू नको, मालक इंडक्शनपाठोपाठ केटल पण बंद करेल.